ॲगमेम्नॉनचा गुन्हा आणि कॅसँड्राचं प्रेत

प्रश्न असा आहे: ‘ॲगमेम्नॉनने युद्धासाठी पोटच्या पोरीचा बळी दिला. दहा वर्षांनी बायकोने त्याला ठार मारलं. मग त्याला मिळालं ते त्याच्या कर्माचं फळच नाही का? एस्किलस कुणाच्या बाजूने आहे?’

अर्धं उत्तर लगेच देता येतं. ॲगमेम्नॉन दोषी आहे. ‘ॲगमेम्नॉन’ हे नाटक लिहिणाऱ्या एस्किलस या ग्रीक नाटककाराला त्याबद्दल शंका नाही, राजाशी एकनिष्ठ असलेल्या, त्याच्या आर्गोस नगरीतल्या वृद्धांना नाही आणि मलाही नाही. पण ‘तो दोषी आहे’ इथून ‘त्याला मारलं ते बरोबर झालं’ इथपर्यंत आपण एका उडीत पोचतो. एस्किलसने आपलं नाटक नेमकं त्या उडीच्या खालच्या दरीत उभं केलंय. हे नाटक मी वीसेक वर्षं शिकवतोय आणि दोनदा त्याचं जाहीर वाचन बसवलंय. पहिल्या वाचनात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती पुढे सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मला तिच्यातूनच मिळालं.

नाटक इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या डायोनिसस उत्सवात झालं. तीन नाटकांच्या मालिकेतलं हे पहिलं. मालिकेला पहिलं पारितोषिक मिळालं. कथा थोडक्यात अशी: मेनेलॉसची बायको हेलन ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्याबरोबर ट्रॉयला गेली. तिला आणायला मेनेलॉस आणि त्याचा भाऊ ॲगमेम्नॉन हजार जहाजं घेऊन निघाले. ऑलिसच्या बंदरात वारा उलटा वाहू लागला आणि फौज अडकून पडली. राजाने मुलीचा, इफिजिनियाचा, बळी दिला तेव्हा जहाजं सुटली. दहा वर्षांनी ट्रॉय पडलं. राजा प्रायमची मुलगी कॅसँड्रा हिला लुटीत घेऊन ॲगमेम्नॉन घरी आला आणि त्याच दिवशी त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा हिने न्हाणीघरात त्याला मारलं.

आधी ऑलिस. ‘देवीनेच बळी मागितला, बिचारा राजा काय करणार,’ असा बचाव वर्गात दर वर्षी कोणीतरी करतंच. एस्किलसने तो बचाव फार काळजीपूर्वक काढून घेतलाय. सोफोक्लीस या दुसऱ्या ग्रीक नाटककाराच्या ‘इलेक्ट्रा’त या देवीच्या, आर्टेमिसच्या, रागाला सरळ कारण आहे: राजाने तिच्या राईत हरिण मारलं आणि वर बढाई मारली. एस्किलस हे कारण देत नाही. त्याच्याकडे फक्त एक शकुन आहे. दोन गरुड एका गाभण सशिणीला पोटातल्या पिलांसकट फाडून खातात. गरुड म्हणजे हे दोघे भाऊ, असं कॅल्कस ज्योतिषी सांगतो. आर्टेमिस ही रानातल्या पिलांची देवी, तिला ती मेजवानी असह्य होते. म्हणजे राजाने आधी काय केलं यापेक्षा पुढे ट्रॉयमध्ये काय होणार आहे, त्याचा हा राग आहे. तिथेही पोटातली पिलं मरणार आहेत. ती किंमत इतरांच्या लेकरांनी मोजायची असेल, तर आधी तुझं लेकरू दे. मी तरी हा शकुन असाच वाचतो. देवांचा राजा झ्यूस युद्धावर पाठवतोय हे खरं, त्यामुळे पेच खोटा नाही. पण ‘जाऊ नको, परत फीर’ हा रस्ता कोणी बंद केलेला नाही. तो महाग आहे, एवढंच.

आणि राजाला हे कळतं. कोरसच्या, म्हणजे रंगमंचावर गाणाऱ्या त्या वृद्धांच्या, पहिल्या दीर्घ गाण्यात त्याचं बोलणं येतं: न ऐकावं तर भयंकर, ऐकावं तर घराचं लेणं असलेल्या लेकीला वेदीपाशी माझ्याच हाताने कापायचं; यातलं दुःखाशिवाय कुठलं आहे? इथवर माझं मन त्याच्याबरोबर असतं. मग तो म्हणतो, जहाजं सोडून पळालेला मी कसा होऊ, साथीदारांचा विश्वास कसा मोडू? आणि शेवटी, ‘बरं होवो.’

त्यानंतरची ओळ सगळ्या नाटकाचा कणा आहे. वृद्ध गातात की निरुपायाचं जू त्याने मानेवर चढवलं. मूळ ग्रीक शब्द लेपाद्नॉन, म्हणजे जू मानेला आवळून ठेवणारा पट्टा, आपल्याकडची जुपणी. शब्द निरुपायाचा आहे, पण क्रियापद त्याचं आहे: त्यानेच ती बांधून घेतली. ज्यांनी बैलजोडी जुंपताना पाहिली असेल त्यांना हे चित्र लगेच कळेल. शिकलेला बैल जू उचललेलं दिसलं की आपणच मान खाली घालून पुढे येतो. वृद्ध पुढे म्हणतात, त्या क्षणापासून त्याच्या मनाचा वारा फिरला, अपवित्र झाला, आणि मग काहीही करायला तो कचरला नाही. समुद्रावरचा वारा फिरावा म्हणून आधी आतला फिरवला.

पुढचा प्रसंग वाचताना माझा आवाज अजूनही जातो. करडासारखी तिला उचलून वेदीवर धरा, असं बाप सेवकांना सांगतो. घराण्याला शाप देऊ नये म्हणून तिच्या तोंडात लगाम घालतात. केशरी वस्त्र जमिनीवर ओघळतं. बोलता येत नाही, म्हणून ती मारणाऱ्या एकेकाकडे डोळ्यांनी बघते, चित्रातल्या माणसासारखी. तिला त्यांना नावाने हाका मारायच्या आहेत, कारण ही माणसं तिच्या ओळखीची आहेत. बापाच्या पंगतीत ती त्यांच्यासमोर कितीदा गायली होती. आणि इथे कोरस थांबतो: पुढचं मी पाहिलं नाही, सांगतही नाही.

दुसरा गुन्हा लोक विसरतात. युद्धाचा देव एरीज हा सराफ आहे, असं कोरस म्हणतो. तो माणसं घेतो आणि तोलून राख परत पाठवतो. घरोघरी कलश येतात. बायका रडतात आणि मग दबक्या आवाजात कोणीतरी बोलतं, ‘दुसऱ्याच्या बायकोपायी.’ हे ऐकणाऱ्या अथेन्सकरांच्या घरीही तेव्हा राख येत होती. एरेख्थेइस या एकाच टोळीतल्या, एकाच वर्षात मेलेल्यांची यादी कोरलेला त्या काळचा दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. सायप्रस, इजिप्त, फिनिशिया, हालिएइस, एजिना, मेगारा अशी रणांगणं आणि खाली नावांच्या रांगा. एस्किलस स्वतः इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला लढला होता, त्याचा भाऊ तिथेच पडला. सराफाच्या तराजूची उपमा त्याला कुठून सुचली, हे शोधायला लांब जावं लागत नाही. तेव्हा आरोपपत्रात इफिजिनियाच्या शेजारी हे कलशही मांडायला हवेत. क्लायटेम्नेस्ट्रा त्यांचं नाव घेत नाही, म्हणून आपण विसरायचं कारण नाही.

आता राजा घरी येतो. नाटकाच्या सुमारे १६७० ओळींपैकी ज्याच्या नावाचं हे नाटक आहे त्याच्या वाट्याला शंभरही येत नाहीत. मध्यावर येतो, थोडं बोलतो, आत जातो, मरतो. त्या थोडक्या ओळींत इफिजिनियाचा उच्चार एकदाही नाही. बायको लांबलचक स्वागत करते, तर तो म्हणतो की तुझं भाषण माझ्या गैरहजेरीएवढंच लांबलं. आणि जाता जाता कॅसँड्राकडे बोट दाखवून, या परकीला आत ने, नीट वागव, सैन्याने मला दिलेलं हे निवडक फूल आहे.

त्या स्वागताच्या भाषणात एक जागा आहे, ती नटीला मिनिटभर थांबून समजावून द्यावी लागते. क्लायटेम्नेस्ट्रा म्हणते, ‘म्हणूनच आपलं लेकरू आज इथे उभं नाही, तुझ्यामाझ्या वचनाची खूण, जे असायला हवं होतं…’ आणि थोड्या अंतराने नाव येतं, ‘ओरेस्टिस.’ मुलाला सुरक्षित ठेवायला दूर पाठवलंय, एवढीच माहिती. पण ते नाव येईपर्यंत प्रेक्षक श्वास रोखून आहे, कारण इथे उभं नसलेलं लेकरू कोण, हे त्याला ठाऊक आहे. ग्रीकमधला ‘पाइस’ हा शब्द मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतो. कित्येक भाषांतरकारांची इथे पंचाईत होते. मराठीत ‘लेकरू’ आहे, काम झालं. या शब्दासाठी मी आपल्या भाषेचा मनापासून ऋणी आहे. राजा मात्र ही ओळ ऐकतो आणि त्याला काहीही ऐकू येत नाही.

मग पायघड्या. आपण पायघड्या घालणं हा शब्द सहज वापरतो, इथे त्या खऱ्याच येतात. समुद्रातल्या शंखगोगलगाईपासून काढलेल्या, चांदीच्या मोलाच्या रंगात भिजलेलं विणकाम रथापासून दारापर्यंत अंथरलं जातं. राजा आधी नको म्हणतो, असा मान देवांचा, मी माणूस आहे. ती विचारते, तुझ्या जागी प्रायम असता तर? तो म्हणतो, तो चालला असता. मग तू लोकांच्या बोलण्याला कशाला भितोस? चारदोन वाक्यांत तो हरतो. पायातली वहाण काढायला सांगतो आणि म्हणतो, दुरून कुठल्या देवाची नजर न लागो. आपल्याकडे आजी ज्या अर्थाने दृष्ट लागणं म्हणते, जवळजवळ तोच अर्थ. तांबड्या-जांभळ्या कापडावरून तो चालत आत जातो आणि रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाहून पाहिलं तर ते कापड घराच्या दारातून बाहेर वाहत आलेल्या रक्तासारखं दिसतं.

पायघड्यांवरून चालणं हा काही मरणाची शिक्षा व्हावी असा गुन्हा नाही. पण ऑलिसला जे डोळ्याआड घडलं ते इथे एस्किलस पुन्हा आपल्या डोळ्यांसमोर घडवून दाखवतो. हे करू नये हे कळतंय, तसं बोलूनही दाखवतोय, आणि मग ‘बरं होवो’ म्हणून पाऊल टाकतोय. घरातली मौल्यवान वस्तू पायदळी तुडवायची या माणसाची ही पहिली वेळ नाही.

इथपर्यंतचा हिशेब क्लायटेम्नेस्ट्राच्या बाजूने जातो. खून झाल्यावर दार उघडतं, ती प्रेतांशेजारी उभी आहे आणि लपवत काही नाही. मासे धरायच्या जाळ्यासारखं, बाहेर पडायला वाट नसलेलं वस्त्र त्याच्यावर टाकलं; दोन घाव घातले; तो पडल्यावर तिसरा घातला, पाताळातल्या झ्यूसच्या नावाने. त्याचं रक्त अंगावर उडालं तेव्हा कळ्या फुटायच्या वेळी पाऊस पडल्यावर पिकाला होतो तसा आनंद झाला, म्हणते. वृद्ध तिला हद्दपारीची धमकी देतात. तिचं उत्तर बिनतोड आहे: गोठे मेंढरांनी भरलेले असताना याने जनावर मारावं तशी माझी लेक मारली, माझ्या वेणांचं फळ, थ्रेसच्या वाऱ्याची समजूत काढायला. तेव्हा त्याला का नाही हाकललंत? आज मला न्याय शिकवता? वृद्धांकडे उत्तर नाही. ते फक्त म्हणतात, आरोपाला आरोप भिडतोय, निवाडा करणं अवघड आहे. झ्यूस सिंहासनावर आहे तोवर करील त्याने भोगावं हाच नियम.

आता माझी चूक. पहिल्या वाचनाला वेळ दीड तासाचा होता, म्हणून मी कॅसँड्राचा प्रवेश कापून चारदोन भाषणांवर आणला. मला वाटलं, ती भविष्यच सांगते, आणि ते तर पुढे दिसणारच आहे. वाचन रंगलं. नंतरच्या चर्चेत एकजात सगळे म्हणाले, बरं झालं मेला. मला ते यश वाटलं. घरी आल्यावर मूळ संहिता पुन्हा काढली आणि तेव्हा लक्षात आलं की मी एस्किलसचं नाटक केलंच नव्हतं. खटल्यातला मुख्य साक्षीदार मी दाराबाहेर उभा ठेवला होता.

कॅसँड्रा राजाच्या रथातून येते आणि सुमारे तीनशे ओळी काही बोलत नाही. क्लायटेम्नेस्ट्रा तिला आत बोलावते, ती गप्प. राणी चिडून निघून जाते. मग अचानक अपोलो देवाच्या नावाने एक किंकाळी. त्यापुढच्या दोनशेहून जास्त ओळी तिच्या आणि वृद्धांच्या आहेत. तिला घराच्या भिंतींवर मुलं बसलेली दिसतात, हातात आपलंच मांस. ही ॲट्रियसने, म्हणजे ॲगमेम्नॉनच्या बापाने, कापून त्यांच्या बापाला, थायेस्टिसला, जेवायला वाढलेली मुलं. दारातून थडग्यासारखा वास येतो. आत न्हाणी, जाळं, घाव, सगळं तिला दिसतं, आणि आपलं मरणही. ती हातातली ज्योतिषिणीची काठी आणि गळ्यातल्या माळा फेकून देते. आणि शेवटी कोणी ओढत नाही, कोणी तोंड बांधत नाही, ती आपल्या पायांनी आत जाते.

हिचा गुन्हा काय? तिचं शहर जळलं, बाप मेला, ती लुटीत वाटली गेली. ॲगमेम्नॉनच्या अंथरुणात ती स्वतःहून गेलेली नाही. अपोलोसारख्या देवालाही तिने नकार दिला होता आणि म्हणूनच तिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. क्लायटेम्नेस्ट्राचं सगळं म्हणणं एका वाक्यावर उभं आहे: माझी निष्पाप लेक मारली. आणि त्याच हाताने, त्याच दुपारी, ती दुसऱ्या कुणाची तरी निष्पाप लेक मारते. प्रायमची राणी हेक्युबा हीही आईच आहे.

खुनानंतरच्या भाषणात कॅसँड्राच्या प्रेताकडे पाहून क्लायटेम्नेस्ट्रा जे म्हणते ते मी पहिल्यांदा नीट वाचलंच नव्हतं. हंसासारखं शेवटचं गाणं गाऊन ही पडली आहे, याची लाडकी. आणि माझ्या सुखाला हिचं तोंडीलावणं झालं. ग्रीक शब्दही तोच आहे, मुख्य जेवणाबरोबर घेतात तो चविष्ट पदार्थ. मराठीत याहून अचूक शब्द सापडणार नाही. ज्या घरात मुलांचं मांस ताटात वाढलं गेलं, त्या घरात ही उपमा येते.

दुसऱ्या वेळी आम्ही पूर्ण संहिता वाचली. क्लायटेम्नेस्ट्रा वाचणारी नटी तालमीत म्हणाली, सर, ही ओळ काढू या, इथे लोक माझ्यापासून तुटतात. ती फार चांगली नटी होती आणि तिला बरोबर कळलं होतं. लोक तिथे तुटावेत म्हणूनच ती ओळ आहे. एस्किलसला क्लायटेम्नेस्ट्रा राक्षसीण करायची असती तर त्याने तिच्या तोंडी इफिजिनियाबद्दलचं ते बिनतोड उत्तर घातलं नसतं. आधी तो आपल्याला पूर्णपणे तिच्या बाजूला नेतो, आणि मग त्या ताटात काय वाढलंय ते दाखवतो.

म्हणून माझं मत असं आहे. ॲगमेम्नॉन शिक्षेला पात्र होता. मुलगी गेली त्याच दिवशी, फौजेसमोर, आर्गोसच्या वृद्धांसमोर त्याला जाब विचारायला हवा होता आणि तो विचारला गेला नाही, यात सगळे दोषी आहेत. पण न्हाणीघरात जाळं टाकून मारणं ही शिक्षा नव्हे. शिक्षेत ज्याचा गुन्हा त्याच्यापाशी हात थांबतो. हा हात थांबला नाही. इफिजिनियासाठी उचललेलं शस्त्र कॅसँड्रावर पडलं, त्या क्षणी ते इफिजिनियाचं राहिलं नाही.

तुम्ही म्हणाल की राणीचा प्रियकर ईजिस्थसचं काय. थायेस्टिसची जी मुलं कापली गेली त्यांचाच हा भाऊ. बापाचा सूड म्हणून तो कट आपला म्हणतो आणि लगेच म्हाताऱ्यांना साखळदंड आणि उपासमारीची धमकी देतो. त्याच्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही. राजा होण्याची घाई झालेला माणूस आहे. होमरच्या ‘ओडिसी’त मुख्य खुनी तोच होता: जेवायला बोलावून, गव्हाणीपाशी बैल मारावा तसा त्याने ॲगमेम्नॉनला मारलं. होमरमध्ये इफिजिनियाच्या बळीचा उल्लेख नाही, त्यामुळे तिथे तुमचा प्रश्न उद्भवतच नाही. पुढे युरिपिडीस या नाटककाराने आणखी भर घातली. त्याच्या ऑलिसवरच्या नाटकात क्लायटेम्नेस्ट्रा नवऱ्याला आठवण करून देते की तू माझा पहिला नवरा मारलास, माझं अंगावरचं मूल मारलंस आणि मग मला बायको केलंस. ते वाचून तुमचा निकाल आणखी पक्का होईल, पण तो युरिपिडीसचा खटला आहे, एस्किलसचा नव्हे. दोन्ही फायली एकत्र करू नका. परीक्षेत आणि चर्चेत सगळ्यात जास्त गोंधळ यानेच होतो.

एस्किलस कुणाच्या बाजूने, याचं उत्तर मालिकेतल्या तिसऱ्या नाटकात शोधायची पद्धत आहे. तिथे आईला मारणाऱ्या ओरेस्टिसवर अथेन्समध्ये खटला चालतो, मतं समसमान पडतात आणि तो सुटतो. आई ही खरी जन्मदाती नव्हेच, असा युक्तिवाद तिथे अपोलो करतो. मला तो पटत नाही. मतं समसमान पडली त्याअर्थी निम्म्या न्यायाधीशांनाही पटला नव्हता. तिथे मोलाचं आहे ते एवढंच की दोन्ही बाजू मोठ्याने, उजेडात, तिसऱ्यासमोर बोलतात. इफिजिनियाला बोलू दिलं नव्हतं, ॲगमेम्नॉनला कोणी विचारलं नव्हतं, कॅसँड्रा बोलली तर कुणाला पटलं नव्हतं.

आत जाण्याआधीचे कॅसँड्राचे शेवटचे शब्द असे आहेत: माणसाचं सुख एखादी सावलीही पालथं करते, आणि दुःखाचं म्हणाल तर ओला स्पंज एकदा फिरवला की चित्र पुसलं जातं. मला त्या पहिल्यापेक्षा या दुसऱ्याची जास्त कीव येते, असं म्हणून ती आत जाते.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी आम्ही शेवटच्या प्रवेशात दोन रिकाम्या खुर्च्यांवर दोन पांढऱ्या चादरी टाकल्या होत्या, शेजारी शेजारी. वृद्ध एका चादरीकडे पाहून विचारतात, राजा, तुला कोण पुरणार, तुझ्यासाठी कोण रडणार? क्लायटेम्नेस्ट्रा सांगते, आम्हीच मारलं, आम्हीच पुरू. आणि पलीकडे दुःखाच्या नदीकाठी इफिजिनिया बापाच्या गळ्यात पडून त्याचा मुका घेईल. दुसऱ्या चादरीबद्दल नाटक संपेपर्यंत कोणी विचारत नाही.